कुरुंदकरांच्या आजोळी : धर्म आणि राज्य यांच्या फारकतीविषयी

(कळमनुरी येथे झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन. पुनरुक्ती कमी केली आहे. भाषा शक्यतो बोलल्याप्रमाणेच ठेवली आहे.)



कळमनुरीत येऊन नरहर कुरुंदकरांवर बोलायचे, आणि त्यातही त्यांच्या मांडणीतले उणे दाखवायचे, म्हणजे आजोळी जाऊन नातवाच्या तक्रारी सांगण्यासारखे आहे. कुरुंदकरांचा जन्म १५ जुलै १९३२ चा, तुमच्याच तालुक्यातल्या नांदापूरचा. मामा डॉ. ना. गो. नांदापूरकर हे हैदराबादेत मराठीचे प्राध्यापक. भाचा तिथे शिकायला गेला, निजामाचे राज्य डोळ्यांदेखत पाहिले, ते कोसळतानाही पाहिले, आणि पुढे नांदेडला प्राध्यापक झाला. १० फेब्रुवारी १९८२ ला औरंगाबादेत, व्यासपीठावरच गेले. वय पन्नाससुद्धा नव्हते. आज आम्ही सत्तरी ओलांडून खुर्चीवर बसलो आहोत आणि पन्नाशी न गाठलेल्या माणसाची तपासणी करतो आहोत. हा थोडा अन्यायच आहे. पण कुरुंदकर स्वतः कोणाला सोडत नसत. ज्यांना गुरू मानले त्यांनाही नाही. तेव्हा त्यांना नुसता हार घालून परत जाणे हा त्यांचा जास्त मोठा अपमान ठरेल.

विषय आहे धर्म आणि राज्य यांच्या फारकतीचा. फारकत हा शब्द आम्ही मुद्दाम घेतला. आपल्याकडे तो घटस्फोटाला वापरतात. घटस्फोट झाला म्हणजे दोघांपैकी एक मेला असे नसते. दोघेही जिवंत असतात, एकाचे कर्ज दुसऱ्याच्या नावावर चढत नाही, एवढेच. हे कर्जाचे लक्षात ठेवा. पुढे त्याच्याकडे यायचे आहे.

आधी शब्दाचा घोळ निस्तरू. ‘सेक्युलर’ला मराठीत आपण किती शब्द वापरतो बघा. धर्मनिरपेक्ष म्हणतो, निधर्मी म्हणतो, इहवादी म्हणतो, आणि भाषण संपवायची घाई असली की सर्वधर्मसमभाव म्हणतो. या चारही शब्दांचा अर्थ एक नाही. १९७६ मध्ये बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने हा शब्द उद्देशिकेत आला, तेव्हा हिंदीत ‘पंथनिरपेक्ष’ झाला आणि मराठीत ‘धर्मनिरपेक्ष’. त्याच्या आधी, नोव्हेंबर १९४८ मध्ये, प्रा. के. टी. शहा यांनी तो घटनेत घालावा अशी दुरुस्ती मांडली होती. डॉ. आंबेडकरांनी ती स्वीकारली नाही. म्हणजे १९५० ते १९७६ अशी सव्वीस वर्षे हा शब्द उद्देशिकेत नव्हता, पण व्यवस्था होती. ती कलमांत होती. पंचविसावे कलम धर्मस्वातंत्र्य देते. सत्ताविसावे सांगते की एखाद्या धर्माच्या संवर्धनासाठी म्हणून कर देण्याची सक्ती कोणावर करता येणार नाही. अठ्ठाविसावे सांगते की पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेत धर्मशिक्षण द्यायचे नाही. तेव्हा शब्द काढून टाका किंवा ठेवा, यावर जी भांडणे होतात त्यांत आम्हांला फारसा रस नाही. पाटी बदलली म्हणून घरातली माणसे बदलत नाहीत.

कुरुंदकर नेमके इथेच वेगळे ठरतात. ‘जागर’ आणि ‘शिवरात्र’ हे त्यांचे दोन संग्रह १९७० च्या आगेमागे आले. तो काळ लक्षात घ्या. हमीद दलवाई मुस्लिम सत्यशोधक मंडळ काढत होते, १९७० सालीच ते स्थापन झाले. एका बाजूला हिंदुत्ववादी, दुसऱ्या बाजूला मुस्लिम जमातवादी, आणि मध्ये पुरोगामी मंडळी ‘सगळे धर्म सारखेच चांगले’ असे म्हणत दोघांची समजूत काढत बसलेली. कुरुंदकरांनी या तिसऱ्या मंडळींनाच धरले. त्यांच्या मांडणीचा गाभा आम्ही आमच्या शब्दांत सांगतो. सेक्युलॅरिझम म्हणजे सर्व धर्मांची पाठ थोपटणे नव्हे. घटनेने धर्मस्वातंत्र्य दिले आहे ते व्यक्तीला, आणि तेही अटी घालून. पंचविसावे कलम उघडून बघा. पहिलेच शब्द बंधनाचे आहेत. सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता, आरोग्य आणि इतर मूलभूत हक्क यांच्या अधीन राहून, असे म्हणून मग पुढे स्वातंत्र्य दिले आहे. म्हणजे धर्म राज्याच्या शेजारी समान दर्जाने बसलेला नाही. नागरिकाच्या हक्कांशी टक्कर झाली तर मागे सरायचे धर्माने. हिंदूंच्या धर्माने आणि मुसलमानांच्याही.

हे त्या काळात बोलायला छाती लागत होती. आजही लागते. निवडणुकीत ज्यांना दोन्हीकडची मते हवी असतात त्यांना हे परवडत नाही. आमच्या पिढीतल्या मराठवाड्यातल्या कित्येक मुलांना धर्माविषयी विचार करता येतो, नुसती श्रद्धा किंवा नुसती चेष्टा यांच्या पलीकडे जाऊन युक्तिवाद करता येतो, हे कुरुंदकरांमुळे कळले. ते ऋण मान्य करून आता पुढे जाऊ.

कुरुंदकरांच्या विचाराची पहिली परीक्षा घ्यायची तर ती ते वाढले त्याच राज्यात घ्यावी. हैदराबाद संस्थानात. कळमनुरी तेव्हा त्याच संस्थानात, परभणी जिल्ह्यात होती.

निजाम मीर उस्मान अली खान. हिंदू आणि मुसलमान हे माझे दोन डोळे आहेत, असे ते म्हणत, हे आजही कौतुकाने सांगितले जाते. नुसते म्हणत नव्हते, देतही होते. बनारस हिंदू विद्यापीठाला त्यांनी देणगी दिली. पुण्याच्या भांडारकर संस्थेत महाभारताची चिकित्सक आवृत्ती निघत होती, तिला अनुदान दिले. संस्थेत निजाम अतिथिगृह आजही उभे आहे. संस्थानातल्या देवळांनाही इनामे होती. आता ‘सर्वधर्मसमभाव’ ही कसोटी लावली तर निजाम चांगल्या गुणांनी पास होतो की नाही? होतो. त्याला नापास कसे करणार?

आणि त्याच राज्यात गश्ती निशाण ५३ होते. परवानगीशिवाय सभा घ्यायची नाही. उमूर-ए-मजहबी नावाचे धर्मखाते होते. नवे देऊळ बांधायचे तर त्याची परवानगी. १९३८ मध्ये हैदराबाद स्टेट काँग्रेस स्थापन व्हायच्या आतच तिच्यावर बंदी आली, आणि कारण काय दिले? ही संघटना जातीय आहे! जिचे म्हणणेच हे होते की राज्यकारभार सर्व प्रजेला जबाबदार असावा, तिला जातीय ठरवले, आणि दोन डोळ्यांचे राज्य निःपक्षपाती ठरले.

इथे एक गोष्ट कळते. सारखी कृपा आणि सारखा हक्क या दोन वेगळ्या वस्तू आहेत. कृपा करणारा दोन्ही डोळ्यांनी बघतो खरे, पण बघणारा तोच असतो. प्रजेने त्याच्याकडे बघायचे नसते. समभाव हा राजाचा गुण असू शकतो. हक्क हा नागरिकाचा असतो. कुरुंदकरांनी सर्वधर्मसमभावाला नकार दिला, तो आमच्या मते हैदराबादच्या अनुभवातून आलेला आहे. आणि तो बरोबर आहे.

त्याच वर्षी, १९३८ मध्ये, संस्थानात एकाच वेळी दोन सत्याग्रह चालू होते. स्टेट काँग्रेसचा राजकीय, आणि आर्य समाज व हिंदू महासभा यांचा धार्मिक हक्कांसाठीचा. स्टेट काँग्रेसचे नेतृत्व पुढे ज्यांच्याकडे आले ते स्वामी रामानंद तीर्थ. संन्यासी माणूस, अंगावर भगवी वस्त्रे. डिसेंबर १९३८ मध्ये, गांधीजींच्या सल्ल्यावरून, स्टेट काँग्रेसने आपला सत्याग्रह थांबवला. कारण दोन लढे एकमेकांत मिसळले तर राजकीय मागणी धार्मिक ठरेल आणि सरकारला तेच हवे आहे. कार्यकर्ते तुरुंगात असताना लढा थांबवणे किती कठीण गेले असेल! पण भगव्या वस्त्रातल्या माणसाला ही फारकत कळत होती. आज सुटाबुटातल्यांना कळत नाही, ही आपली प्रगती. (हशा)

आता आम्ही जिथे कुरुंदकरांपासून थोडे बाजूला होतो तिथे येऊ.

धर्माच्या सत्तेपासून नागरिकाला सोडवायचे, यासाठी फारकत हवी, असे कुरुंदकर सांगतात. खरे आहे. पण फारकतीची दुसरी बाजू आहे, आणि आमच्या वाचनात ती त्यांच्या मांडणीच्या मध्यभागी येत नाही. राज्याच्या सत्तेपासून श्रद्धावानाला सोडवायचे, यासाठीही फारकत हवी. पहिली बाजू नास्तिकाला लवकर कळते. कुरुंदकर नास्तिक होते, त्यांनी ते लपवले नाही. दुसरी बाजू भाविकाला कळायला पाहिजे, पण त्याला ती कोणी सांगतच नाही. त्याला वाटते, ही फारकत आपल्याविरुद्ध आहे.

दाखला याच मातीतला देतो. जरा जड आहे, पण कळमनुरीत बसून तो टाळणे बरे नाही.

१९४७–४८ मध्ये रझाकारांनी या भागात काय केले ते घराघरांत माहीत आहे. त्यांचा नेता कासीम रझवी, लातूरचा वकील. ही राजवट मुसलमानांची आहे, प्रत्येक मुसलमान हा राज्याचा भागीदार आहे, अशी त्यांची शिकवण होती. आता विचार करा. परभणी जिल्ह्यातला पिंजारी, खाटीक, विटा भाजणारा, सालगडी, हा कशाचा भागीदार होता? त्याच्याकडे ना जहागीर, ना हुद्दा. राज्याच्या उत्पन्नातला एक पैसा त्याच्या घरी आला नाही. पण राज्यावर धर्माचे नाव लिहिले गेले होते, आणि ते नाव त्याच्याही कपाळावर होते.

१७ सप्टेंबर १९४८ ला निजाम शरण आला. पुढच्या आठवड्यांत काय झाले ते तपासायला केंद्र सरकारने पंडित सुंदरलाल आणि काझी अब्दुल गफ्फार यांची समिती पाठवली. त्यांचा अहवाल कित्येक वर्षे बाहेर आला नाही. समितीने अंदाज दिला तो २७ ते ४० हजार माणसे मारली गेल्याचा. सगळ्यात जास्त झळ बसलेले जिल्हे उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर आणि नांदेड. नांदेड म्हणजे इथून शेजारचेच. हिंदूंनी जीव धोक्यात घालून मुसलमान शेजाऱ्यांना वाचवले, याच्या नोंदीही त्याच अहवालात आहेत.

आमच्या लहानपणी आमच्या गल्लीत एक पिंजारी आजोबा होते. गाद्या-रजया पिंजायचे. आमच्या वडिलांशी त्यांचे गूळपीठ. एकदा आम्ही विचारले, आजोबा, तुम्ही निजामाच्या बाजूचे होते का? ते म्हणाले, “बाळ, निजामाने मला कधी बघितलं नाही आणि मी निजामाला. पण हिशेब माझ्याकडून मागितला.” वडिलांनी त्या दिवसांत त्यांना आमच्या कडब्याच्या गंजीमागे ठेवले होते, हे आम्हांला फार उशिरा कळले. दोघांपैकी कोणीच त्याची वाच्यता केली नाही.

सुरुवातीला कर्जाचे म्हणालो होतो ते हेच. राज्याला धर्म चिकटला की राज्याचे कर्ज त्या धर्माच्या सगळ्यात गरीब माणसाच्या नावावर चढते. सत्ता असते तेव्हा नफा वरचे चार जण घेतात. सत्ता जाते तेव्हा वसुली झोपडीतून होते. हे मुसलमानांच्या बाबतीत झाले म्हणून ते इस्लामचे वैशिष्ट्य आहे असे समजू नका. ज्या धर्माचे नाव राज्यावर लिहाल त्या धर्माचे हेच होणार. आज आपले नाव लिहिले जात आहे म्हणून ज्यांना आनंद होतो, त्यांनी त्या पिंजारी आजोबांचे वाक्य रात्री झोपताना एकदा आठवावे.

तत्त्वज्ञानाच्या इतिहासातही हेच दिसते. धर्म आणि राज्य यांच्यामध्ये भिंत असावी, ही उपमा अमेरिकेच्या टॉमस जेफरसनची म्हणून प्रसिद्ध आहे. ती त्याने १ जानेवारी १८०२ च्या पत्रात वापरली. पत्र कोणाला होते? नास्तिकांच्या मंडळाला नव्हते. डॅनबरी गावच्या बाप्टिस्ट पंथीयांना होते. कडवी श्रद्धावान माणसे. त्यांच्या राज्यात दुसऱ्या पंथाला सरकारी मान होता आणि यांचे धर्मस्वातंत्र्य म्हणजे सरकारने केलेली मेहरबानी होती. त्यांना मेहरबानी नको होती, हक्क हवा होता. म्हणजे भिंतीची गरज भाविकांनाच आधी वाटली. आपल्याकडे मात्र भिंत म्हटले की ती देवळाविरुद्ध बांधली जात आहे असे वाटते, आणि याचा थोडा दोष, आमच्या मते, आम्हा प्राध्यापक मंडळींकडे जातो. आम्ही ती तशीच शिकवली.

आता दुसरी परीक्षा. पंढरपूर.

मे १९४७ मध्ये साने गुरुजींनी विठ्ठलमंदिर अस्पृश्यांना खुले व्हावे म्हणून उपोषण केले. मंदिर खुले झाले. पण बडवे आणि उत्पात यांचे वंशपरंपरागत हक्क राहिलेच. ते काढून घेण्यासाठी १९७३ मध्ये पंढरपूर मंदिरे कायदा झाला, आणि न्यायालयातली लढाई थेट जानेवारी २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात संपली. त्याच वर्षी मंदिर समितीने सर्व जातींच्या स्त्री-पुरुषांकडून पुजारीपदासाठी अर्ज मागवले. इथे कुरुंदकर शंभर टक्के बरोबर ठरतात. राज्याने धर्मात अजिबात हात घालायचा नाही, अशी कोरडी फारकत मानली असती तर बडव्यांचे हक्क आजही शाबूत असते. आपल्या घटनेची भिंत अमेरिकेसारखी आंधळी नाही, तिला दार आहे. समाजसुधारणेसाठी, सर्व जातींना मंदिर खुले करण्यासाठी राज्याला त्या दारातून आत जाता येते. पंचविसाव्या कलमातच ते दार आहे.

पण दारातून आत गेलेले सरकार बाहेर येते का? हा प्रश्न कुरुंदकरांनी पुरेसा विचारला नाही, अशी आमची तक्रार आहे. सुधारणेसाठी आत गेलेले सरकार गाभाऱ्यात उभे राहते आणि पूजा करू लागते.

आषाढी एकादशीला पहाटे विठ्ठलाची शासकीय महापूजा होते. मुख्यमंत्री सपत्नीक करतात. सोबत रांगेतल्या एका वारकरी जोडप्याला मान मिळतो. सत्तरच्या दशकाच्या आरंभी समाजवादी मंडळींनी याला हरकत घेतली होती, पूजा काही काळ थांबली आणि मग पुन्हा सुरू झाली. आमचे म्हणणे नीट ऐका. मुख्यमंत्र्यांनी विठ्ठलाला जाऊ नये, असे आम्ही म्हणत नाही. अवश्य जावे. रांगेतून गेले तर जास्त पुण्य लागेल. प्रश्न ‘शासकीय’ या शब्दाचा आहे. माणूस पूजा करतो हे आम्हांला समजते. शासन पूजा कशी करते? शासनाला मोक्ष पाहिजे का? १९८० ते १९८२ या काळात बॅ. अंतुले आपले मुख्यमंत्री होते. पदाची जी कामे आहेत ती कोणत्याही नागरिकाला, तो कोणत्याही धर्माचा असो वा कोणत्याच धर्माचा नसो, संकोचाशिवाय करता आली पाहिजेत. ज्या कामात संकोच वाटू शकतो ते पदाचे काम नव्हे. ही साधी कसोटी आहे.

यावर कोणी म्हणेल, सर, एवढी एक पूजा, कोणाचे काय बिघडते? २०१८ ची आषाढी आठवा. मराठा आरक्षणाचे आंदोलन पेटले होते. मुख्यमंत्र्यांना पूजा करू देणार नाही, असा इशारा आला. देवेंद्र फडणवीस पंढरपूरला गेले नाहीत, त्यांनी मुंबईत निवासस्थानीच पूजा केली. आम्ही यात फडणवीसांना दोष देत नाही आणि आंदोलकांनाही देत नाही. आम्ही एवढेच म्हणतो की ज्या गाभाऱ्यात सरकार उभे राहते, त्या गाभाऱ्याशी सरकारचे भांडणही येऊन उभे राहते. आरक्षणाचा हिशेब विधानभवनात मागायचा असतो. तो विठ्ठलाच्या दारात मागावासा वाटला, कारण सरकार त्या दिवशी तिथे भेटणार होते. मग लाखो वारकऱ्यांच्या सुरक्षिततेची चिंता. पुन्हा तेच. राज्याचे कर्ज भाविकाच्या नावावर.

मराठवाड्यातले उदाहरण याहून बोलके आहे. तुळजाभवानी मंदिराच्या कारभारामागे निजामी काळातली, १९०९ ची ‘देऊळ कवायत’ आहे, आणि विश्वस्त मंडळाच्या अध्यक्षस्थानी जिल्हाधिकारी बसतात. निजाम गेला, कवायत राहिली. परीक्षेने भरतीला आलेला अधिकारी, तो कोणत्याही धर्माचा असू शकतो, आज पाणीटंचाईची बैठक घेतो आणि उद्या देवीच्या दागिन्यांची मोजदाद. हिशेब तपासणे हे राज्याचे काम जरूर आहे. भाविकांचा पैसा आहे, चोरी होऊ नये. पण हिशेब तपासणारा आणि यजमान हे दोन्ही एकच झाले, तर हिशेब तपासणाऱ्याचा हिशेब कोण तपासणार?

दुसऱ्यांकडे बोट दाखवतो आहोत तर एक बोट स्वतःकडेही करू. आम्ही एका अनुदानित महाविद्यालयात विभागप्रमुख होतो. नव्या इमारतीत सत्यनारायण झाला. सरकारी पैशातूनच. प्रसाद, भटजींची दक्षिणा, फुले, सगळे ‘किरकोळ खर्च’ या सदरात. पावतीवर सही आमची. त्याच आठवड्यात आम्ही वर्गात लॉकचे सहिष्णुतेवरचे पत्र शिकवत होतो. एका मुलीने विचारले, “सर, माझ्या अब्बांनी भरलेल्या करातून पूजा झाली का?” आम्ही म्हणालो, “ती परंपरा आहे.” ती गप्प बसली. तीस वर्षे झाली. तिचा प्रश्न बरोबर होता आणि आमचे उत्तर चुकीचे. तिला फुलांवर खर्च झालेल्या दोनशे रुपयांचे दुःख नव्हते. ही इमारत माझी आहे की मी इथे पाहुणी आहे, एवढेच तिला विचारायचे होते. फारकतीचा सगळा सिद्धांत त्या एका प्रश्नात आहे, आणि तत्त्वज्ञानाच्या डॉक्टरला तो ऐकू आला नाही.

आता तिसरी आणि शेवटची परीक्षा : निवडणूक.

लोकप्रतिनिधित्व कायदा १९५१ चा. त्याचे कलम १२३, पोटकलम ३. धर्म, वंश, जात, जमात, भाषा यांच्या आधारे मत मागणे हा भ्रष्ट आचार. या कलमावरचे मोठे खटले आपल्या महाराष्ट्रातलेच आहेत. डिसेंबर १९८७ मध्ये विलेपार्ल्याची पोटनिवडणूक डॉ. रमेश प्रभू जिंकले. ती रद्द झाली, आणि ११ डिसेंबर १९९५ ला सर्वोच्च न्यायालयाने ते कायम केले. त्या प्रचारातल्या भाषणांमुळे पुढे बाळासाहेब ठाकरे यांचा मताधिकार सहा वर्षांसाठी गेला. पण त्याच दिवशी, त्याच न्यायालयाने, मनोहर जोशी यांच्या खटल्यात निकाल दिला की महाराष्ट्रात पहिले हिंदू राज्य स्थापन होईल हे म्हणणे म्हणजे धर्माच्या नावावर मत मागणे नव्हे, ती केवळ एक आशा आहे. जोशी तेव्हा मुख्यमंत्री होते.

आम्ही कायद्याचे पंडित नाही, तर्काचे विद्यार्थी आहोत. निवडणुकीच्या सभेत उमेदवार जी आशा व्यक्त करतो तिला मराठीत आश्वासन म्हणतात. शेतकऱ्याला ‘कर्जमाफी होईल अशी आशा आहे’ म्हणणे आणि ‘मला मत द्या’ म्हणणे यांत कळमनुरीच्या बाजारात कोणी फरक करील का?

मग २ जानेवारी २०१७ ला सात न्यायमूर्तींच्या पीठाने चार विरुद्ध तीन असा निकाल दिला. खटला पुन्हा मुंबईचाच, १९९० च्या सांताक्रूझ मतदारसंघाचा. बहुमताने सांगितले की उमेदवाराचा धर्म तर नाहीच, मतदाराचाही धर्म पुढे करून मत मागता येणार नाही. आम्हांला हे स्वागतार्ह वाटते. पण तीन न्यायमूर्तींनी जे वेगळे मत दिले तेही विचार करण्यासारखे आहे. ज्यांच्यावर जातीमुळे किंवा धर्मामुळे अन्याय झाला, त्यांनी त्या अन्यायाविषयी निवडणुकीत बोलायचेच नाही का? दलित उमेदवाराने विहिरीविषयी बोलले तर तो जातीवर मत मागतो आहे का?

इथे आम्हांला आमची कसोटी उपयोगी पडते. ‘माझ्यावर या ओळखीमुळे अन्याय झाला, मला इतरांइतका हक्क द्या’ असे म्हणणारा राज्याकडे नागरिक म्हणून येतो. ‘माझी ही ओळख आहे म्हणून राज्य माझे’ असे म्हणणारा मालक म्हणून येतो. शब्द दोघांचेही धर्माचे किंवा जातीचे असतील. पहिला राज्यावरचे नाव पुसायला सांगतो, दुसरा तिथे स्वतःचे नाव लिहायला सांगतो. पहिल्याला बोलू दिले पाहिजे, दुसऱ्याला अडवले पाहिजे. कायद्याच्या भाषेत हा फरक बसवणे अवघड आहे, हे मान्य. पण अवघड आहे म्हणून तो नाही असे होत नाही.

समारोप करतो. कुरुंदकरांनी आम्हांला शिकवले की धर्माची सत्ता नागरिकाच्या हक्कापुढे थांबली पाहिजे. ते आम्ही सोडत नाही. त्यात एकच भर घालतो. राज्याची सत्ता भाविकाच्या देवघरापुढेही थांबली पाहिजे. अन्याय दूर करायला आत जावे, काम झाले की बाहेर यावे, आणि आत असताना आरतीचे ताट हातात घेऊ नये. हे दुसरे वाक्य पहिल्याइतकेच जोरात सांगितले असते तर कदाचित वारकरी आणि विवेकवादी एका बाजूला उभे राहिले असते. ते एकमेकांसमोर उभे राहिले, आणि मधल्या रिकाम्या जागेत पुढारी येऊन बसले.

इथे बसलेल्या भाविकांना एक आठवण करून देतो. नामदेवांचे जन्मगाव म्हणून ज्या नरसीला आपण जातो ती तुमच्याच जिल्ह्यात. नामदेव इथून पंजाबात गेले, आणि त्यांची ६१ पदे शिखांच्या गुरू ग्रंथसाहिबात आहेत. त्यांना कोणत्या सरकारने पाठवले नव्हते. त्यांच्या भक्तीवर कोणत्या राज्याचे नाव नव्हते, म्हणून तिला कोणत्या राज्याची सरहद्द आडवी आली नाही आणि कोणत्या राज्याचे कर्जही तिच्या डोक्यावर चढले नाही. सातशे वर्षे झाली, राज्ये किती आली नि गेली, मोजत बसलो तर रात्र होईल.

आमचे बोलणे पटले नसेल तर समोर माईक आहे. कुरुंदकरांच्या आजोळी प्रश्न न विचारता घरी जाणे बरे दिसत नाही. विशेषतः मुलींनी विचारावे. एका प्रश्नाचे उत्तर आम्ही तीस वर्षे उशिरा दिले आहे. या वेळी इतका उशीर करणार नाही.